खडाखडी

उद्यमनगरात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला
की दस्तगीर मिस्त्री लेथ पुसायचे
आणि पालथ्या खोक्यावर पट मांडायचे.
मोहरी त्यांनीच कातलेली,
काळी शिसवाची, पांढरी शिवणीची.
काळा एक घोडा हरवलेला,
त्याच्या जागी पितळी नट, पाऊण इंची.
"घोडाच हाय त्यो. निस्ता खिंकाळत न्हाई."

मग दोन मुठी पुढं यायच्या,
तेलकट, नखांत लोखंडाचा कीस.
मी कुठलीही ठोकली तरी काळं.
सोमवारी काळं, गुरुवारी काळं,
सहामाही परीक्षा झाली तरी काळं.
अकरा वर्षांचं वय होतं,
नशिबावर रुसायला तेवढं पुरतं.

मोडलेल्या कानांचा माणूस. कधीकाळी लाल मातीत उतरलेला.
त्याच्या लेखी सुरुवात म्हणजे खडाखडी.
"हात लावून बघायचं. मान दाबून बघायचं.
गडी वजन कुठल्या पायावर टाकतोय, बघायचं.
सलामी झाल्या झाल्या पट काढाय गेलीस
तर तूच खाली."
(पट काढणं म्हणजे पाय ओढणं.
मला कितीतरी दिवस वाटायचं,
समोरचा हा चौसष्ट घरांचाच उचलून न्यायचा.)

मधली चार घरं म्हणजे हौद्याची मधली माती.
पांढरा तिथं प्यादं रोवतो.
काळ्यानं लगेच छातीला छाती लावलीच पाहिजे असं नाही,
वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवावं,
बाजूनं नजर ठेवावी.
"यिऊ दे की त्याला मधी.
आलेल्याला ढकलता येतंय. न आलेल्याला काय ढकलशील?"

वजीर लवकर काढला की म्हणायचे,
"अक्षता पडायच्या आधीच वरमाईला नाचवाय लागलीस."
घोडे आधी, मागून उंट.
राजा कोपऱ्यात, हत्तीच्या आडोशाला.
मग काय ती मर्दुमकी.
आणि कुणी प्यादं फुकट देऊ केलं तर?
"घे. पर धरून बसू नगंस. जड हुतंय."

एका संध्याकाळी वीज गेली होती.
कंदिलाच्या उजेडात मी डावी मूठ ठोकली. काळं.
"उजवी उघडा," म्हटलं.
मिस्त्री बघत राहिले.
उघडली.
तिच्यातही काळं.

पांढरं प्यादं खिशात, तंबाखूच्या चंचीत,
वर्षभर.
"पांढऱ्यानं कुणीबी सुरू करतंय, पोरी.
दुसऱ्याच्या सुरुवातीत आपली जागा कुठली, ते शिकवाय लागतंय."

मी खोकं लाथाडलं.
पितळी घोडा गडगडत लेथखाली गेला.
दोन आठवडे मी तिकडं गेलो नाही.
(गेलोच. आमच्यात पोरीही येतो-जातो म्हणतात.)

जयसिंगपूरच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत पांढरं आलं.
समोर इचलकरंजीचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट,
घड्याळ दाबून मोकळा.
वीस चाली उघड्या होत्या
आणि उत्तर द्यायला समोर एकही नव्हती.
इतकी मोकळीक मी कधी बघितलीच नव्हती.
सात मिनिटं गेली. तळहाताला घाम.
शेवटी उंटापुढचं तेच प्यादं सरकवलं, दोन घरं,
काळ्यानं सरकवायचो तसंच,
फक्त एक पाऊल आधी.

त्याला नाव आहे, त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत,
हे फार नंतर कळलं.
हरलो. एक्केचाळिसाव्या चालीला, हत्तींच्या शेवटात.

मिस्त्रींनी निकाल विचारलाच नाही.
"पहिल्या धा चाली सांग."
मी सांगत गेलो, ते डोळे मिटून ऐकत राहिले.
नवव्या चालीला अंगठा वर झाला.
"हितं घाई."
मग खाली वाकून, लेथखाली हात घालून
त्यांनी नट शोधून काढला.

आता राजारामपुरीत, जिन्यावरच्या खोलीत
मुठी माझ्या असतात.
एकीत पांढरं, एकीत काळं, अगदी इमानानं.
फक्त एखादी पोर
बसायच्या आधीच मूठ ठोकायला लागली,
की माझा हात
खिशाकडं जातो.