बिजागरी

जुबैलमध्ये रात्रपाळीला
मी दाणा तपासतो.
दाणाच म्हणतात त्याला सगळे,
कुंजुमोन म्हणतो, पॅकिंगचे नेपाळी म्हणतात,
इंजिनिअर तुर्कीसुद्धा म्हणतो
आमच्या तोंडून ऐकून ऐकून.
दुधट, मुका, साबुदाण्याएवढा.
भिजत नाही. रुजत नाही.

दर दोन तासांनी पिशवीतून नमुना येतो.
दोनशे तीस अंशांवर तो वितळवायचा,
वर ठरलेलं वजन ठेवायचं,
आणि बघायचं दहा मिनिटांत किती ग्रॅम ओघळतो.
तीन आला, तर पोती.
बारा आला, तर बादल्या, खुर्च्या.
त्याच्या बऱ्याच वर गेला तर
मास्कचं कापड, कुणाच्या तरी श्वासापुरतं.
दहा मिनिटांत जन्मपत्रिका.

हे मला हिदायत सारंगने शिकवलं.
श्रीवर्धनचा. आजा गलबतावर होता.
म्हणायचा, "पाण्यापेक्षा हलका आहे हा, बुडायचा नाही,
आमच्या घराण्यात खपला असता.
ॲसिड पितो आणि ढेकर देत नाही,
म्हणून बॅटरीची पेटी ह्याची.
भित्रा आहे तो फक्त उन्हाला.
नुसता टाकलास गच्चीवर तर वर्षा-दोन वर्षांत पीठ.
म्हणून आधीच औषध पाजतात ह्याला, इथेच, भट्टीत."
आणि मानेवरची करपलेली कातडी खाजवत हसायचा,
"आपल्याला कुणी पाजलं नाही रे."

एकदा त्याने झाकणाचा डबा उघडून दाखवला.
झाकण आणि डबा एकाच तुकड्याचे,
मध्ये कागदाएवढी पातळ पट्टी.
"ही बिजागरी. खिळा नाही, स्क्रू नाही.
साच्यातून निघाल्या निघाल्या
गरम असतानाच वाकवायची एकदा.
मग आतले रेणू एका रांगेत झोपतात.
मग लाख वेळा उघड, लाख वेळा मीट."

तो एकोणिसाव्या वर्षी आला होता.
गरम असतानाच.
सव्वीस वर्षं. तेरा सुट्ट्या.
उघड, मीट.
दोन मुलींची नावं त्याने फोनवर ठेवली.

मार्चमध्ये त्याचा करार संपला. नवा झाला नाही.
सामान त्याने दाण्याच्याच रिकाम्या पोत्यात भरलं,
पोतं दाण्याचं, शिवायचा दोराही दाण्याचाच,
आणि लॅबच्या काट्यावर आणून ठेवलं.
विमानात तीस किलो चालतात.
काटा तीस पूर्णांक चारवर थांबला.

कुणी काही बोललं नाही.
त्याने शिवण उसवली, हात घातला,
ब्लँकेट चाचपलं, सोडलं,
टॉर्च चाचपला, सोडला,
आणि खजुराने भरलेला तो डबा
माझ्या टेबलावर ठेवला.
"तू खा."
पुन्हा शिवताना सुई दोनदा बोटात गेली.

खजूर आठवड्यात संपला.
डब्यात आता पेनं असतात, कॅलिब्रेशनची चिठ्ठी,
एक बी, का ठेवलीय माहीत नाही.
बिजागरीवर पांढरी रेघ उमटली आहे.
तुटलेली नाही.
मी मोजत नाही कितीदा उघडतो ते.

चारचा नमुना आला.
तीन पूर्णांक एक.
वहीत लिहितो: पोती.