एक मैल

माझ्या दुकानापासून चालत वीस मिनिटांवर
गुडघ्याएवढा एक दगड आहे.
मैलाचा. आकडा शेवाळाने खाल्लाय.

लेफ्टनंट मातुरँ केरगोएला
तिथवर फिरायची मुभा होती.
समुद्रात पकडलेला, हरलेल्या जहाजाचा माणूस.
बेडी नाही, पहारा नाही,
एका कागदावर सही:
मी पळून जाणार नाही. पारोल.

त्याच्या फ्रेंचमध्ये पारोल म्हणजे शब्द.
साधा, तोंडातून निघतो तो.
त्याआधी लॅटिनमध्ये तो म्हणे दृष्टांत होता,
आणि त्याही आधी, ग्रीकांकडे,
एका वस्तूशेजारी दुसरी टाकणं, एवढंच:
बघा, हे त्याच्यासारखं आहे का.

तर मार्चमधल्या एका दुपारी, गावात सांगतात,
वाऱ्याने त्याची टोपी उडाली
आणि दगडापलीकडे, चार हातांवर, चरात जाऊन बसली.
कुंपणामागे एक पोरगा दबा धरून होता.
कैद्याने हद्द ओलांडली की सांगणाऱ्याला एक गिनी.
लेफ्टनंट टोपीकडे बघत राहिला,
पोरगा त्याच्या बुटांकडे.
बराच वेळ.
मग तो उघड्या डोक्याने मागे फिरला,
संध्याकाळची घंटा व्हायच्या आत.

तीन दिवस टोपी भिजली.
चौथ्या दिवशी त्याची घरमालकीण, तॅम्झिन यो,
बाजारातून येताना ती काठीला अडकवून घेऊन आली,
टेबलावर आपटली, म्हणाली,
'हे घे तुझं पॅरोल.'
उच्चार सपशेल चुकीचा.
त्याने सुधारला नाही.
दुसऱ्याच्या तोंडी गेलेला शब्द
कुठे परत घेता येतो?

आम्ही इंग्रजांनी तो उसना घेतला तो घेतलाच.
आता माझ्या चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत
जेथ्रो हॅनाफोर्ड राहतो, पॅरोलवर सुटलेला.
घोट्याला राखाडी पट्टा.
रात्री आठला तो दाराआड हवा.
पट्टा खोटं बोलत नाही,
फक्त रोज चार्ज करावा लागतो.
मी एकदा विचारलं, काय शब्द दिलास रे त्यांना?
'शब्द?' तो हसला.
'सह्या घेतल्या ढीगभर. शब्द कुणी मागितला नाही.'

परवा मासळी घेऊन येत होते, तर हा त्या दगडापाशी,
नाण्याने शेवाळ खरवडत बसलेला.
एकचा आकडा अर्धा वर आला होता.
साडेसात झाले होते. मी गाडीचं दार उघडलं.
'चालत येतो,' म्हणाला.
आणि मग, मी काही न विचारताच,
'पोचतो.'