एक चकती कमी

अबू हमद तिसऱ्यांदा आला तेव्हा
सित्र्याचं आकाश
सतरा वेळा धुतलेल्या बनियनसारखं विटलं होतं.
"सदीक, सकाळी गार. दुपारी जहन्नम."
एवढंच बोलला, किल्ली टेबलावर ठेवली
आणि पंख्याखालच्या डुगडुगत्या स्टुलावर बसला.

आधीच्या दोन्ही खेपांना गाडी मी बघितली सकाळी सातला.
बटण दाबलं, टक् झालं, वारा गार.
वैद्य दारात दिसताच रोगी उठून बसावा, तसं.
मोफिजुल म्हणाला, गाडीला काही नाही झालेलं,
म्हाताऱ्याला करमत नसेल.

या खेपेला म्हटलं, राहू दे उन्हात.
बारा वाजता बॉनेट उघडलं. हाताला चटका.
फ्यूज शाबूत.
हॉर्नचा रिले उपटून एसीच्या जागी खोचला,
तरी नाही.
गेजवर गॅस पोटभर.
कॉम्प्रेसरच्या वायरीला टेस्टर लावला,
दिवा पेटला.
म्हणजे निरोप पोचत होता.
दापोलीला पोराच्या फोनवर रिंग जाते
आणि कुणी उचलत नाही,
त्यातला प्रकार.

पट्टा फिरत होता, पुली फिरत होती,
आणि पुलीच्या तोंडावरची प्लेट गप्प उभी,
जत्रेत पाळण्यापुढं
खिसा रिकामा असलेल्या पोरासारखी.

मग झाडूचा दांडा घेतला.
बोटं वाचवून, चालत्या इंजिनात,
प्लेटला हळूच ढोसलं.
टक्.
मोफिजुल आतून ओरडला, "आलं! गार आलं!"

इंजिन बंद करून फटीत पत्र्याची पानं सरकवली.
अर्धा मिलिमीटर हवा तिथं जवळजवळ एक.
अकरा वर्षं ही प्लेट
चिकटली, सुटली, चिकटली, सुटली,
आणि दर वेळी झिजली, दिसणार नाही इतकी.
सकाळी कॉइल थंड असते, जोर असतो, ओढून घेते.
दुपारी तापली की तिचा जीव अर्धा,
आणि उडी मात्र तेवढीच लांब.

मधला नट काढला. प्लेट निघाली.
आत तीन चकत्या, शर्टाच्या बटणाहून पातळ.
एक काढली, दोन ठेवल्या.
नट आवळला.
टक्. बंद. टक्. बंद. टक्.
वीस वेळा केलं, उगाच.

"नवीन काय घातलंस?" अबू हमदनं विचारलं.
काही नाही, बाबा. एक काढलं.
"आणि काढायचे पैसे?"
कोयाक्कांच्या बिलबुकात रकाना फक्त पार्टच्या नावाचा.
मी लिहिलं, चकती, उणे एक.
कोयाक्कांनी चष्म्यावरून बघितलं, खोडलं,
मजुरी, तीन दिनार, असं केलं.

चाचणीला मी शेजारी बसलो.
त्यानं गाडी घातली किनाऱ्याला, भरावाच्या टोकाशी,
तोंड पाण्याकडे करून उभी केली. इंजिन चालूच.
म्हणाला, घरात सुना, नातवंडं, दोन टीव्ही.
रोज साडेबाराला मी इथं येतो. झोपतो.
त्या क्रेनच्या खाली, बघ,
माझ्या बापाचा मासे धरायचा कूड होता.
क्रेनखाली आता डांबर होतं, आणि कंटेनर.
मी हो म्हटलं.
सीट मागं करून तो खरंच झोपला,
तोंड उघडं, हात पोटावर.
मला गॅरेजवर परतायचं होतं.
पुढच्या बाजूला प्लेट लागत होती, सुटत होती,
मी मोजत बसलो.

चकती फेकली नाही. तशी ठेवलीही नाही.
मोफिजुलनं ती स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवली.
एवढ्याशानं काय होणार,
स्टूल अजून डुगडुगतं.
अबू हमद पुन्हा आला नाही.
गाडी बरी असेल.