बघण्यापुरतं

नाशकात, सातपूरच्या कारखान्यात, लायसन्स अकरा.
बारावी विनंती पेंटशॉपच्या निकुंभची:
'रिपोर्ट उघडेना. कुलूप दिसतंय नुसतं.'

लिहिलं, बघण्याचेही पैसे पडतात, माणशी, दरमहा.
तो म्हणाला, आकडे तर मीच भरतो
रोज रात्री, हातमोजे काढून.

खरंय. माझ्या निळ्या स्तंभांखाली
त्याचेच बाद झालेले मडगार्ड.
साहेब म्हणाले, मार्चनंतर बघू. मार्च गेला.

परवा खाली उतरलो
तर कपाटाच्या लोखंडी दारावर खडूचा आलेख:
सोमवार, मंगळवार,
बुधवारी रंगाचा नवा ड्रम फोडला, तिथे बाण.

तो बाण माझ्याकडे नाही.

बघत राहिलो. कुणी पासवर्ड विचारला नाही.
निकुंभने थुंकी लावून कालचा आकडा पुसला,
म्हणाला, सरका जरा, उजेड अडतोय.