निवडक सोळा

कॅसेटवर बाईचं नाव होतं, ते फाटक्या कागदाबरोबर गेलं.
उरलं चित्र : मिटलेले डोळे, गळ्यावर घाम,
तोंड असं उघडलेलं की तुळसाक्का म्हणायची,
"दाढ दुखुलीय हिची, दुसरं काय नाही."

सिव्हिलमध्ये शेजारच्या खाटेवर खानापूरची अपोलिन होती.
दोघींच्या पिशव्या एकाच आठवड्यात काढल्या.
घरी जाताना अपोलिननं चार संत्री दिली
आणि ही कॅसेट. म्हणाली, ऐक, बरं वाटतं.
परत कधी भेटली नाही.

वडगावात, पत्र्याखाली, चार माग.
दिवसभर खटाक् खट, खटाक् खट,
बोलायचं तर ओठ वाचायचे.
पण तिसऱ्या गाण्याचा ड्रम
भिंतीकडच्या मागाशी बरोबर जुळायचा,
धोटा इकडून तिकडे जायचा तो त्या बाईच्या दमावर.
जॉबर बसाप्पा कानावर हात ठेवून ओरडायचा,
"साकु अक्का, साकु!"
आणि पायानं ठेका धरायचा.

बाहेर पाटी कन्नडमध्ये,
पाटीवरून भांडण मराठीत,
आत ही तिसरीच कुठली,
तिच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही
की काळं फासलं नाही.

मी सातवीत. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटला.
गल्लीत इंग्रजी कळणारी म्हणून माझीच ख्याती,
लाईट बिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत.
एका सोमवारी, माग बंद,
तुळसाक्कानं बॉबिनीची टोपली बाजूला सारली.
"सांग गे, काय म्हणुलीय ती?
ह्या इथं. इथं तिचा आवाज फाटतोय बघ."

मी कान लावला. तीनदा ऐकलं.
ती म्हणत होती :
जायचं तर जा,
पण तुझे बूट राहू देत दारात,
लोकांना वाटेल तू आत झोपलायस.

दारात चपला होत्या.
पुरुषी, नऊ नंबर, अंगठ्याला तांब्याचा खिळा.
मालक इचलकरंजीला माग बघायला गेले
त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.
दर दिवाळीला ती त्यांना तेल लावायची.

मी म्हटलं, "ती म्हणते, तिची गाडी चुकली."

तुळसाक्का हसली.
"गाडी चुकली म्हणून एवढं बोंबलायचं?
दुसरी येते की."
मग टेप मागं फिरवली.
परत फिरवली.

सोळा गाणी. पाठीमागं बारीक अक्षरात सालं,
मध्ये सात वर्षांची एक फट.
त्या सात वर्षांत ती गात नव्हती,
की गात होती आणि कोणी निवडलं नाही?
अक्काच्या बाराव्याला लोक बोलले तेव्हा मला ती फट आठवली :
एकटीनं चार माग चालवले,
पुतणीचं लग्न केलं,
कुणाचं एक पैसा ठेवलं नाही.
सगळी नावाजलेली गाणी.
चपला कुणीतरी आधीच उचलल्या होत्या.

आता फोनवर सगळं आहे.
नाव आहे, सोळाच्या पुढची साठ आहेत,
धुऊन पुसून स्वच्छ.
मी ते बुटाचं गाणं लावते
आणि ती ओळ सरळ निघून जाते.
अक्काच्या कॅसेटमध्ये तिथं फीत झिजली होती,
बाई पाण्याखाली जायची, मग वर यायची.
इतक्या वेळा मागं फिरवलेलं
गाडी चुकल्यासाठी नसणार.
हे कळायला मला चाळिशी लागली.

एक संध्याकाळ मात्र तशीच राहिली आहे.
करंट गेला, माग एकेक करून थांबले,
कानात नुसती कापसासारखी शांतता.
टेप सेलवर चालत होती, सेलही संपत आलेले.
बाईचा आवाज जड होत गेला, खाली खाली,
बाईचा पुरुष झाला, पुरुषाचा म्हातारा.
बसाप्पा हसायला लागला.

तुळसाक्का उठली.
"दमली बिचारी," म्हणाली,
आणि बटण दाबायच्या आधी
टेपवर पदर टाकला.