नखाला लागतंय

जहाज गोदीत कोरडं उभं आहे, लाकडी ठोकळ्यांवर.
त्याच्या पोटाखालून माणसं चालतात,
कालवं खरवडतात.
आणि मी त्याच्या पंपाचा शाफ्ट घेऊन
अंबडच्या एमआयडीसीत,
सोबत कुरियन
आणि तीन शिक्क्यांचं एक पत्र.

भामरे मिस्त्रींनी पत्र वाचलंच नाही.
गोणपाट सोडलं, ग्रीस पुसलं,
शाफ्टवरून अंगठ्याचं नख फिरवलं.
"लागतंय," म्हणाले.
"इथं चर पडलाय. कशानं?"
खाऱ्या पाण्यानं, मी म्हटलं. आणि सात महिन्यांनी.
"सात महिने बंदच नाही केला?"
मी सांगायला लागलो,
मग लेथ सुरू झाला.

त्या सात महिन्यांत
ग्लँडमधून गळणारे थेंब मोजायचो आम्ही,
अठ्ठेचाळीस डिग्रीत, पाळीपाळीने.
मिनिटाला तीस चालतात.
साठ झाले की चीफला उठवायचं.
एकदा पहाटे एकोणसाठ झाले
आणि कुरियन माझ्याकडे बघत राहिला,
मी त्याच्याकडे.

सातपूरच्या लॉजवर बाथरूमचा नळ गळतो.
बावीस.
चालेल, म्हणून कूस बदलली.
तरी झोप नाही.
जहाजावर जनरेटर थांबला तर
झोपलेला माणूसही ताडकन उठतो.
इथं काहीच चालू नाहीये
आणि कुणीच उठत नाहीये.

लिंगप्पाने गोदीतून फोटो पाठवलाय:
आमच्या मेसची फरशी उखडलेली,
छतातून केबली लोंबतायत,
माझा बंक होता तिथं एक चौकोनी भोक,
भोकातून खालच्या डेकवरचा वेल्डर दिसतो,
त्याच्याशेजारी सिलिंडर धरून बसलेला आमचा सुखदेव,
आग लागायची वाट बघत.
खाली लिहिलंय: तुझी खोली हवेशीर झाली.

फोनवर बायको म्हणते,
"जमिनीवर आहेस ना आता? मग घरी का नाहीस?"
सासऱ्यांना वाटतं, रिफिट म्हणजे सुट्टी.
मी तिला शाफ्टबद्दल सांगतो.
ती ऐकते.
नंतर म्हणते, गॅस संपलाय, ठेवते.

शनिवारी अंबड बंद.
झणझणीत मिसळ खाऊन, नाक पुसत
आम्ही गंगापूर धरणावर गेलो.
कुरियनने वाकून बोट बुडवलं, चाटलं.
"गोडं," म्हणाला, जणू कुणी फसवलंय.
माणशी दोन बादल्यांच्या हिशोबात
त्याने डोळ्यांनी ते सगळं पाणी मोजलं.
मग चप्पल काढली आणि पाय धुतले,
पुन्हा धुतले, पुन्हा.
एक म्हातारी कपडे पिळता पिळता थांबली,
"कुठून आला रे बाबा?"
मला सांगता येईना.
घर उदगीरला. बायको कारवारला. जहाज मुंबईत.
सातपूरहून, म्हटलं.

चर वेल्डने भरला, मग कातला, मग घासला.
मिस्त्रींचा पोरगा मायक्रोमीटर लावून आकडे ओरडायचा,
मिस्त्री न बघताच मान हलवायचे.
अकराव्या दिवशी त्यांनी माझा हात धरला,
माझं नख शाफ्टवर ठेवलं.
फिरवलं.
काहीच नाही.
समुद्र कधी पाहिलाय का, मी विचारलं.
"अलिबागला. पोरगं लहान होतं. उन्हानं डोकं दुखलं."
आणि बिल लिहायला बसले.

शाफ्ट टेम्पोत, गोणपाटात, दोन गाद्यांमध्ये.
कुरियन मागे त्याच्याजवळ, मी ड्रायव्हरशेजारी.
इगतपुरीनंतर धुकं.
कसाऱ्याच्या वळणांवर टेम्पो एकदा डावीकडे झुकला,
एकदा उजवीकडे,
पायांखाली डिझेल थरथरत होतं,
केबिनभर गरम तेलाचा वास.
ड्रायव्हर काहीतरी विचारत होता,
शेठ, चहाला थांबायचं का, की असंच काही.

मला ऐकू आलं नाही.
अकरा रात्रींनंतर
मी झोपलो होतो.