सातपर्यंत

शनिवारी दुपारी, कॉलेज रिकामं झाल्यावर,
ओवळेकर मॅडमनी आम्हा अकरा जणांना
लॅबमधल्या कोरड्या सिंकांशेजारी बसवून सांगितलं :
प्रश्न विचारलात की मनात सातपर्यंत मोजायचं.
तोवर तोंड उघडायचं नाही.
समोरच्याच्या हातातलं पेन घ्यायचं नाही.
आणि 'सोप्पंय' हा शब्द
या खोलीत आजपासून बंद.

मग एकमेकांना शिकवायला लावलं.
मी मोल शिकवला. ऋग्वेदाला, जिला तो माझ्याहून चांगला येतो.
तिनं मुद्दाम चुका केल्या, ठरल्याप्रमाणे,
आणि तिसऱ्याच मिनिटाला
मी तिचं पेन घेतलं.
"कितीपर्यंत मोजलंस?"
"दोन, मॅडम."
खिडकीतून रबाळ्याच्या बाजूनं तो वास येत होता,
ऐरोलीत राहून नाकाला सवय झालेला,
ज्याचं सूत्र मला येतं
पण पत्ता कुणालाच येत नाही.

सोमवारी फर्स्ट इयरची चार पोरं माझ्या वाट्याला आली.
एक फोनमध्ये.
एक माझ्याच सेक्टरमधला, ताई म्हणावं की नाही या पेचात.
निकहत, जी पुस्तक घरीच पाठ करून येते.
आणि घणसोली गावातली तेजल मढवी,
जी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.

मी तिलाच विचारलं :
सल्फ्युरिक पातळ करायचंय,
बीकरमध्ये आधी काय घेशील, पाणी की ॲसिड?

एक. दोन.
तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.
तीन. उत्तर माझ्या दातांमागे येऊन उभं.
चार. पंखा त्याच एका जागी अडखळतोय.
पाच. निकहतचा हात वर, मी डोळ्यांनीच खाली घेतला.
सहा.
सहा इतका लांब असतो हे मला माहीतच नव्हतं.
शाळेपासून मी पहिल्या बाकावरून, दोनलाच,
सर, मी सांगू, सर, मी.
माझ्या वर्गातल्या किती जणांना
माझ्यामुळे सहा कधी मिळालाच नसेल.

सात.
"पान्यान ॲसिड," ती म्हणाली. "ॲसिडान पानी नाय. बापूस बोलतंय."
का पण?
हा प्रश्न मॅडमच्या कागदावर नव्हता.
तिला आता मोजणी लागली नाही.
बापूस महाप्याच्या कंपनीत, रंगखात्यात, अठरा वर्षं.
कंत्राटावरच्या नव्या पोरानं एकदा उलटं ओतलं.
त्या दिवशीचा शर्ट आईनं अजून ठेवलाय,
फरशी पुसायलाही वापरत नाही.
"कसं उडतं सांगू?
तापल्या तेलान ओला बोंबील टाकल्यावानी."

उष्मादायी अभिक्रिया.
तीन परीक्षांत मी हे लिहिलंय, अधोरेखित करून.
उडताना एकदाही दिसलं नव्हतं.
फोनवाल्यानं फोन खाली ठेवला.
निकहतनं पाठ केलेलं पान उघडून
समासात छोटासा मासा काढला.

मग टायट्रेशन.
तेजलच्या हातात ब्युरेटची तोटी, डोळा रेघेशी,
फ्लास्कखाली पांढरी टाइल.
थेंब. थेंब. फिक्का गुलाबी येऊन विरतोय, येऊन विरतोय,
मला दिसतंय की पुढचा अर्धाच थेंब हवा,
माझा हात निघालाही होता,
तो मी पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातात पकडून ठेवला.
तिनं अख्खा सोडला. मग वर आणखी दोन.
राणी कलर.
लग्नात नेसावा असा.

ती माझ्याकडे बघायला लागली.
तोंडात आलेलं सगळं मी गिळलं.
एक, दोन, तीन,
"परत करू?" तिनंच विचारलं,
आणि फ्लास्क धुवायला गेली.

घरी येऊन मॅडमची वही भरायला घेतली.
त्यात एक रकाना आहे : आज काय शिकवलं.
बराच वेळ पेन नुसतं टेकवून बसले.
मग लिहिलं, बोंबील.
मॅडम काय म्हणतील म्हणून खोडायला गेले,
पण राहू दिलं.